बारमाही वाफसा

सरकारी नकाशात आमचा माणदेश पिवळा होता, तोवर ठीक चाललं होतं. पिवळा म्हणजे कमी पावसाचा. मग एका वर्षी नवा नकाशा आला आणि त्यात आम्ही फिक्कट तपकिरी झालो, म्हणजे वाळवंट. गावात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. आमचा सरपंच अंकुश म्हणाला, "बरं झालं. आता पाऊस का पडला न्हाई म्हणून कुणी इचारणार तरी न्हाई."

मी शालन वीरकर. जनावरांची डॉक्टर, आता निवृत्त. उभा जन्म मेंढरांना लस टोचण्यात आणि त्यांच्या मालकांना शिव्या घालण्यात गेला. माझी जीभ फटकळ आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्याच जिभेवर एक साधा शब्द कित्येक वर्षं येईना, त्याची ही गोष्ट आहे.

आमच्या गावामागे वाघजाईचा डोंगर आहे. डोंगर कसला, मुरमाची लांबलचक टेकडी. झाड औषधाला नाही, नुसती कुसळं, तरवड आणि दगड. त्या टेकडीवर आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, मेंढरं चरायची. मेंढरू कधी सरळ चढ चढत नाही. उताराला आडवं जातं, दगड चुकवतं, वळण घेतं आणि निवांत माथ्यावर पोचतं. पिढ्यान्‌पिढ्या अशा खुरांनी टेकडीवर एक वीतभर रुंदीची वाट कोरली गेली होती. माझा धाकटा भाऊ मल्हारी चाकणला कारखान्यात इंजिनिअर झाला आणि पहिल्या बोनसमध्ये जाड दातेरी टायरची माउंटन बाइक घेऊन गावी आला. आप्पांच्या मेंढवाटेवरून तो ती सायकल घेऊन खाली आला, तेव्हा धापा टाकत म्हणाला, "आक्का, जगात लोक कोट्यवधी घालून असली वाट बांधत्यात. आपल्या मेंढरांनी फुकटात बांधली!"

आप्पा खो खो हसले. "मेंढराच्या वाटंनं गाडी? मग मेंढरं काय आता डांबरी रस्त्यानं जातील व्हय रं?"

पण मला त्या खुळाची लागण झाली. मीही सायकल घेतली. आधी लोक हसले. मग दहिवडीचे, म्हसवडचे, पुण्याचे आठ-दहा जण जमले आणि आमची एक टोळी झाली. मेंढवाट हेच त्या वाटेचं नाव पडलं.

आता कोरड्या मुलखातल्या मातीचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मातीच्या दोन कणांच्या मध्ये पाण्याचा पातळसा पडदा असला की तो दोघांना एकमेकांकडे ओढून धरतो. पोरं ओल्या वाळूत खोपा करतात, तो या ओढीवरच उभा असतो. पाणी आटलं की पडदे तुटतात, कण मोकळे होतात आणि वाटेचा फुफाटा होतो. मग वळणावर सायकलचं पुढचं चाक पायाखालचा पाट सरकावा तसं निसटतं. उलट पाणी जास्त झालं की कणांमधली सगळी फट भरते, ओढ संपते आणि सगळं एकमेकांवरून घसरायला लागतं, तो चिखल. आमच्याकडे उतारावर मुरूम, पण घळीत काळी माती. ती ओली असताना कुणी सायकल घातली तर चाकाला चिखलाचे हे एवढे लाडू चिकटतात, आणि जो चर पडतो तो उन्हाने विटेसारखा भाजून वर्षभर तसाच राहतो. असा चर जो पाडेल त्याने पाटीपाटीने मुरूम वाहून तो भरायचा आणि वर सगळ्यांना भाकरी-कोरड्यास घालायचं, असा आमचा कायदा होता. पुण्याच्या पोरांनी भरपूर मुरूम वाहिला.

फुफाटा आणि चिखल यांच्या मधली जी अवस्था, तिला आपले शेतकरी वाफसा म्हणतात. मुठीत माती दाबली की लाडू होतो आणि बोटाने टोचलं की दोन शकलं होतात, झाला वाफसा. पेरणीला तोच लागतो आणि सायकललाही तोच. वाफशावर चाक जमीन धरतं, वळणाला झुकलं तरी सोडत नाही, आणि धूळ म्हणून उडत नाही. आमच्या वाट्याला असे दिवस वर्षातून बोटावर मोजण्याइतके यायचे. कुठूनतरी भरकटलेला ढग येऊन बरसला की मी सकाळी घळीत जाऊन मूठ दाबायचे, फुटलेल्या लाडवाचा फोटो काढायचे आणि टोळीला पाठवायचे. शब्द एक नाही. पुढचं ज्याचं त्याने समजायचं. लोक साहेबाला पोटात कळ आल्याचं सांगून निघायचे.

त्यातही गंमत अशी की सगळी वाट एकदम पिकायची नाही. टेकडीची उन्हाची बाजू आधी वाळायची. ती आज वाफशावर आली तर सावलीची बाजू उद्या यायची. म्हणून आलेल्या माणसाला मुक्काम करावाच लागायचा.

हा मुक्काम माझ्यासाठी फार मोलाचा होता, कारण मल्हारी आणि मी बोलत नव्हतो.

आप्पा गेले त्या वर्षी मी जतला नोकरीवर होते. सुट्टीत घरी आले तर मेंढरांचा वाडा रिकामा. भोवतीची जाळी गुंडाळून भिंतीला टेकवलेली. मल्हारीने सगळी मेंढरं विकली होती, मला एका शब्दाने न विचारता. प्रत्येक मेंढरू मी हाताने टोचलेलं, कितीतरी माझ्याच हातात जन्मलेली. मी अंगणातच तोंड सोडलं. "तेराव्याचं जेवण पचलं का रं? ढेकर तरी आली का? का त्याच्या आधीच बाजार गाठलास?"

तो म्हणाला, "राखणार कोण व्हतं? तू? तुझी बदली व्हतीया दर तीन वर्षांनी. का मी चाकणला नेऊन बांधू?"

खरं तर बिनतोड होतं ते. म्हणूनच जास्त झोंबलं. त्या दिवसापासून अबोला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्यात तर सुंभही जळायला तयार नव्हता.

पण आई होती तेव्हा, आणि पुढे मीही बदली घेऊन गावी राहायला आले. आमच्या गावात एक रीत होती. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा वाफसा आला की एका तिफणीला हात लावायचे, कारण वाफसा कुणासाठी थांबत नाही. पेरणी उरकली की पुन्हा कोर्ट. आईने तीच रीत आम्हा दोघांना लावली. "वाफशाला अबोला नसतो," म्हणाली. "तुमची पेरणी सायकलची, तर सायकलची. पण माझ्या घरात वाफशाला तोंडं फिरवायची न्हाईत."

आई गेली तरी आम्ही ते पाळलं. फोटो गेला की रात्रीतून मोगराळ्याचा घाट चढून मल्हारी यायचा. तो पुढे, मी मागे. बोलणं वाटेपुरतं. "आक्का, म्होरं चुनखडी हाय, डावीकडनं घे." "मल्हारी, ब्रेक सोड, घसरशील." संध्याकाळी पिठलं-भाकरी, मग अंगणात दोन खाटा, आणि उद्याची सावलीची बाजू कशी असेल याची चर्चा. आमच्या दोघांचं सगळं प्रेम मातीच्या ओलीविषयी बोलण्यात जायचं. आता आठवलं की वाटतं, किती सुखाचे होते ते दिवस. त्यांची वाट बघण्यातही सुख होतं. ढग आला की मी पोरीसारखी अंगणात धावायचे, या वयात.

मग निहारिका पाटसकर आली. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीची इंजिनिअर, चुणचुणीत मुलगी. तिने ग्रामसभेत बरणीतून साबुदाण्यासारखे दाणे काढून दाखवले. "याला आम्ही ओलधर म्हणतो. हा एक प्रकारचा जेल आहे. रात्री हवा गार झाली की हा हवेतली वाफ शोषून घेतो, दिवसा तीच मातीला देतो. वाळवंटातल्या हवेतसुद्धा रात्री पाणी असतंच, फक्त ते आपल्या हाती लागत नाही."

"आणि लई प्यालं तर? चिखल व्हईल की," अंकुश म्हणाला.

"त्यासाठी खाली बारीक तारा असतात, सौर पॅनेलवर चालणाऱ्या. तारेतला प्रवाह बदलला की जेलची तहान कमी-जास्त होते. दर पावलावर ओल मोजणारा काटा. माती वाळायला लागली की जेल पाणी सोडणार, पुरेशी झाली की हात आखडता घेणार. मातीनुसार हिशेब वेगळा. मुरमाला वेगळा, काळीला वेगळा. थोडक्यात सांगायचं तर बारमाही वाफसा."

सभेत कुणीतरी शिट्टी मारली. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू? वर्षभर वाफसा! मला तर वाटलं, मल्हारी आता महिन्यातून दोनदा येईल.

ओलधर मेंढवाटेत मिसळून झाला आणि मला वाटेची राखणदार नेमलं. निहारिकाने मला काम समजावलं. "डॉक्टर, यंत्रं चुकतात. म्हणून रोज सकाळी एका माणसाने घळीतल्या खुणेच्या जागी अंगठा दाबून माती बघायची. बरी वाटली तर तिथल्या चकतीवर तोच अंगठा टेकवायचा. मग आमच्या वेबसाइटच्या पानावर तुमच्या वाटेचा ठिपका हिरवा होतो आणि जगात कुणालाही दिसतो."

"म्हणजे तुझ्या यंत्राला माझ्या अंगठ्याची गरज आहे तर."

"आहे ना," ती हसली. "मशिनला ओल कळते. बरं वाटतंय का ते नाही कळत."

गावाचं खरंच भलं झालं. लोक बंगळूरहून, सुरतेहून यायला लागले. चार घरांनी न्याहारीची सोय केली, दोन पोरांनी सायकल दुरुस्तीची टपरी टाकली. बारा महिने वाट अशी तयार की टायरचा नक्षीदार ठसा उमटावा आणि संध्याकाळपर्यंत आपोआप बुजावा.

आणि आमची टोळी मोडली. भांडण नाही, तंटा नाही. कधीही जाता येतं म्हटल्यावर कुणीच येईना. "येतो गं शालनताई, आता काय, कधीही येऊ," असं फोनवर म्हणायचे. पुढे फोनही येईनात.

मल्हारी सुरुवातीला दोनदा आला. सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू दोन्ही एकाच वेळी तयार, त्यामुळे सकाळी येऊन दोन्ही मारल्या आणि जेवणाच्या आत परत फिरला. मी पिठलं शिजवून ठेवलं होतं, ते शेजारी दिलं. तिसऱ्यांदा आलाच नाही. त्याचंही बरोबर होतं. वाफशाला अबोला नसतो, पण रोजच वाफसा असेल तर कुठल्या दिवशी यायचं? आलाच तर "आक्का, तुला भेटायला आलो" असं म्हणावं लागणार. ते त्याच्या तोंडून निघायचं नाही आणि माझ्या तोंडून "ये" निघायचं नाही. आमचं निमित्तच त्या साबुदाण्याने पिऊन टाकलं होतं.

मधल्या काळात त्याची बायको गेली. मी पुण्याला जाऊन आले, चारचौघांत बसले, भाच्याला पोटाशी धरलं. मल्हारीच्या समोर हात जोडून उभी राहिले आणि परत आले. घरी येऊन मात्र खूप रडले.

मग या मार्गशीर्षात भाच्याचा, ओजसचा, कॅनडाहून फोन आला. "आत्या, बाबांना कायमचं इकडे घेऊन येतोय. संक्रांतीनंतर निघतील. त्यांनी सांगितलंच असेल तुम्हाला."

"हो तर," मी म्हणाले. "सांगितलं ना."

फोन ठेवला. कायमचा चाललाय. गुडघे दुखतात त्याचे, परत कुठला येतोय? आणि मला भाच्याकडून कळतंय! राग इतका आला, इतका आला, की चहाचं भांडं आपटलं आणि त्याला पोचा आणला. राग ओसरल्यावर खाली फक्त एकच गोष्ट शिल्लक राहिली. मला तो एकदा यायला हवा होता. एक दिवस, एक मुक्काम. मग जाऊ दे कुठे जायचं ते.

फोन करायचा की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. नंबर काढून बसले. काढला, ठेवला, पुन्हा काढला. शेवटी शहाण्यासुरत्या बाईने करू नये तो उद्योग मी केला.

मी ठरवलं, ओलधर बंद करायचा. वाट वाळू दे, फुफाटा होऊ दे. मग एखादा अवकाळी पाऊस येईल. हल्ली पौषात येतोच, लोक त्याला शिव्या देतात. तो पडला की खरा वाफसा येईल, दोन दिवसांचा. मी मूठ दाबीन, फोटो पाठवीन आणि मल्हारी येईल. त्याला यावंच लागेल, आईची रीत आहे. डोकं फिरलं होतं म्हणा, पण बेत मला अगदी चोख वाटला.

सरपंच अंकुश धावत आला. "डॉक्टरबाई, अवो ऐन हंगाम हाय! नाताळाची माणसं यायची हायती. बंद कशापायी?"

"माती दमलीय," मी ठोकून दिलं. "जनावराला भाकड काळ लागतो का नाही? तसा मातीला लागतो."

"पर कंपनी म्हणती सगळं ठीक हाय."

"कंपनीने किती म्हशी राखल्यात?"

बिचारा डोकं खाजवत गेला. निहारिकाला मात्र असं फसवता येईना. तिने फोनवर सगळे आकडे वाचून दाखवले आणि शांतपणे विचारलं, "डॉक्टर, खरं कारण सांगाल?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. मग ती म्हणाली, "आम्हाला वाटलं होतं, लोकांची वाट बघण्यातून सुटका करतोय. बंद ठेवा थोडे दिवस. मी ऑफिसात दुरुस्ती म्हणून सांगते. पण पाऊस नाही आला तर?"

"तर नाही आला," मी म्हणाले.

संध्याकाळी जाऊन मुख्य खटका खाली ओढला. दुसऱ्या दिवशी सकाळी कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच मी घळीत गेले नाही. अंगठा टेकवायचा कशावर? उन्हं अंगणात आली तरी पांघरुणात पडून राहिले आणि आढ्याकडे बघत आता पाऊस कधी येतोय याचा विचार करत बसले. आभाळ तर लख्ख निळं.

दुपारी भाकरी थापत होते, तर दारात गाडी करकचून थांबली. दार धाडकन उघडल्याचा आवाज. हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले, तर मल्हारी! दाढी वाढलेली, शर्टाचं बटण भलत्याच काजात, आणि एका पायात चप्पल तर दुसऱ्यात बूट. मला बघून तो दारातच खाली बसला. अक्षरशः बसला, उंबऱ्यावर, तोंड ओंजळीत घेऊन.

"काय झालं रे? मल्हारी! कुणाला काय झालं?"

"तुला," तो म्हणाला. "मला वाटलं तुला काय झालं."

"मला काय धाड भरलीय?"

"मग ठिपका का काळा झाला?" तो एकदम ओरडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हा ओरडत होता. "रोज सकाळी चहाच्या आधी मी ते पान उघडतो. ठिपका हिरवा झाला की समजतो, आक्का उठली, घळीपर्यंत चालत गेली, अंगठा टेकवला. थंडीत जरा उशिरा व्हतो. दसऱ्याला लवकर व्हतो. तुला ताप आला व्हता ना भादव्यात? त्या वक्ताला दुपारी झाला व्हता, माझा जीव राहिला नव्हता. आणि आज काळा. खाली लिहिलंय, राखणदाराकडून नोंद नाही. माणसानं काय समजायचं?"

मी पिठाच्या हातांनी तशीच उभी. इतकी वर्षं मी त्या यंत्राला कोसत होते, याने माझा भाऊ नेला म्हणून. आणि हा रोज सकाळी त्याच यंत्रातून माझी नाडी बघत होता!

"मेल्या, फोन करायचास की!"

"आणि तू उचलला नसतास तर?" तो म्हणाला. "रागानं नाही उचललास का... का दुसरं काय, हे कसं कळणार व्हतं मला? त्यापेक्षा येऊन बघितलं."

मग मात्र माझा बांध फुटला. मी त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि सरळ सांगून टाकलं. तू न सांगता चाललास, तू एकदा यावंस म्हणून मी खटका ओढला, अवकाळीची वाट बघत बसले होते, सगळं सगळं. त्याने तोंड उघडं ठेवून ऐकलं.

"म्हणजे मला बोलवायला तू अख्खा डोंगर वाळवायला काढलास?"

"हो."

"ये म्हणायचं की गं."

"ये म्हणाले असते तर आला असतास?"

"लगेच न्हाई," तो म्हणाला. "दोन दिवस ऐट केली असती."

दोघांनाही हसू फुटलं. तव्यावरची भाकरी करपून गेली.

जेवताना तो एकदम थांबला. "आक्का, खटका काल सांजच्याला ओढलास ना? म्हणजे ओल आता चाललीय. उन्हाची बाजू आज संध्याकाळपर्यंत टिकंल. सावलीची उद्यापर्यंत."

मी हातातला घास ठेवला. खरंच की. पावसाशिवाय, उलट्या बाजूने का होईना, वाफसा पुन्हा दोन दिवसांचा झाला होता आणि घाईचा झाला होता. आम्ही ताटं तशीच ठेवून निघालो. त्याची सायकल पुण्यात, म्हणून टपरीवरची एक भाड्याची घेतली, ब्रेक कुरकुरणारी. त्याचे गुडघे आणि माझी कंबर यांचा विचार करून चढ पायीच चढलो. उताराला तो पुढे, मी मागे. माथ्याजवळ माती फिकी पडायला लागली होती, कडेला भुसभुशीत झाली होती. त्या वळणावर त्याचं चाक जरा सरकलं आणि मी सवयीने ओरडले, "ब्रेक सोड!" त्याने सोडला आणि सायकल सावरली. खाली येईपर्यंत माझ्या चेहऱ्यावर धूळ बसली होती. किती वर्षांनी ती धूळ! बारमाही वाफशात धूळ नसते.

रात्री अंगणात थंडी होती म्हणून सोप्यात झोपलो. सकाळी सावलीची बाजू केली. तिथे अजून लाडू होत होता. दुपारपर्यंत तोही होईना, मूठ उघडली की माती बोटांतून गळायची. वाफसा संपला. आईच्या रीतीप्रमाणे आता आम्हाला पुन्हा अबोल्याला मोकळीक होती.

घळीच्या कडेला बसून मल्हारी म्हणाला, "मेंढरं विकली त्या दिवशी मी बाजारातनं घरी आलो न्हाई. म्हसवडला कोरड्या नदीत बसून राह्यलो. तू सुट्टीवर आल्यावर तुला काय तोंड दाखवू, हेच कळंना."

"मला माहीत नव्हतं."

"सांगितलंच कुठं मी."

"मीही विचारलं कुठे," मी म्हणाले. "राखायला खरंच कुणी नव्हतं रे. मला तेव्हाच कळलं होतं."

वाफसा संपल्यावर आम्ही बोललेली ही पहिली वाक्यं. मग तो आणखी चार दिवस राहिला, फुफाट्यात, कसल्याही निमित्ताशिवाय. सायकल चालवण्याजोगी वाट नव्हती, म्हणून नुसते बसलो, जुनी मेंढरं नावानिशी आठवली, आणि एका मेंढीच्या नावावरून कडाडून भांडलोही.

पाऊस काही आला नाही.

निघायच्या दिवशी गाडीत बसताना तो म्हणाला, "आक्का, खटका वर कर."

"का? गावाची काळजी आली का?"

"गावाची आलीच. पर मला तिकडनं बघायला काय राहील?"

"फोन आहे की, मुडद्या! रोज कर."

"रोज फोनवर काय बोलू?" तो खरंच गोंधळला होता. "जेवलीस का, झोपलीस का, हे किती दिवस चालणार? ठिपका असला की बरं असतं. बोलावं लागत न्हाई आणि कळतं."

माझ्या भावाला मी ओळखते. तो बदलायचा नाही आणि मीही नाही. मी खटका वर केला. चार दिवसांत वाट पुन्हा भरून आली, अंकुशने सुटकेचा श्वास टाकला, नाताळाची माणसं उशिरा का होईना आली. "मातीचा भाकड काळ" ही गोष्ट आता अंकुश स्वतःच पाहुण्यांना ऐटीत सांगतो.

मल्हारी संक्रांतीनंतर गेला. तिकडे बर्फ आहे म्हणे, गुडघ्याइतका. इथे सकाळ होते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र असते, आणि तो माझ्यासाठी जागा राहतो. ओजसने सांगितलं, ठिपका हिरवा झाल्याशिवाय बाबा दिवा मालवत नाहीत.

मी रोज उजाडता घळीत जाते. माती दाबते, बरी असतेच. अंगठा चकतीवर टेकवते आणि घरी येते. पण अधूनमधून, बोलावंसं फारच वाटलं की, मी घळीपर्यंत जाते आणि अंगठा टेकवत नाही. दगडावर बसते. उन्हं वर येतात, पहिले सायकलवाले हात हलवून जातात, आणि खिशातला फोन वाजतो.

"काय गं, मेलीस का काय?"

"नाही रे," मी म्हणते. "बोल."